कारभाऱ्याच्या हाती नारळ कधी द्यावा?

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने लॉस एंजेलिस डॉजर्सना हरवून वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली. त्या हंगामात १६२ पैकी १०८ सामने जिंकून संघाने स्वतःच्या शतकाहून जुन्या इतिहासातील विक्रम केला होता. हा संघ ज्यांच्या हाताखाली पूर्ण झाला त्या डेव्ह डोम्ब्रोव्स्की यांना त्यानंतर अकरा महिनेही उलटले नव्हते तोच, सप्टेंबर २०१९ मध्ये, यांकीजकडून घरच्या मैदानावर झालेल्या पराभवानंतर त्याच रात्री उशिरा नारळ मिळाला. त्यांच्या जागी आलेले हाइम ब्लूम यांनाही सप्टेंबर २०२३ मध्ये तसेच घरी पाठवण्यात आले. पहिला माणूस अजिंक्यपद मिळवून गेला, दुसरा तळाला राहून गेला, आणि दोघांनाही मिळाला तो काळ जवळजवळ सारखाच, म्हणजे चार वर्षांचा. संघ हरू लागला की कारभारी बदलावा का, हा प्रश्न समजून घ्यायला या दोन हकालपट्ट्यांसारखे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आधी हा कारभारी म्हणजे नेमका कोण, ते पाहू. अमेरिकन बेसबॉलमधल्या पदनामांनी नव्या वाचकाचा हमखास घोटाळा होतो. तिथे ज्याला मॅनेजर म्हणतात तो मैदानाच्या कडेला, खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसणारा माणूस असतो. कोणता फलंदाज कितव्या क्रमांकावर येणार आणि गोलंदाजी करणारा पिचर कधी बदलायचा, एवढेच त्याच्या हातात असते. जनरल मॅनेजर किंवा बेसबॉल विभागाचा अध्यक्ष हा मात्र कचेरीत बसतो, आणि त्या सबंध कचेरीलाच फ्रंट ऑफिस म्हणतात. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर निवड समिती, आयपीएलच्या लिलावात पाटी उचलणारी मंडळी, अकादमीचे संचालक आणि आकडेवारीचे विश्लेषक या सगळ्यांचा एकच वरिष्ठ असावा, तसा हा माणूस असतो. पदाचे नाव संघागणिक बदलते. ब्लूम यांचे पद चीफ बेसबॉल ऑफिसर असे होते. मी त्याला कारभारी म्हणतो, कारण पेशवाईतल्या कारभाऱ्याशी त्याचे एक साम्य आहे. गादी दुसऱ्याची, खजिना दुसऱ्याचा, पण राज्य बुडाले तर नाव याचे निघते.

या माणसाचे मूल्यमापन अवघड होते ते त्याच्या कामाला लागणाऱ्या वेळेमुळे. दर वर्षी जुलै महिन्यात शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. तीस संघ वीस फेऱ्यांत आळीपाळीने मुले निवडतात. निवडलेला मुलगा मोठ्या संघात लगेच येत नाही. मायनर लीग नावाच्या दुय्यम स्पर्धांच्या चार मुख्य पायऱ्या त्याला चढाव्या लागतात, आणि त्यात साधारण तीन ते पाच वर्षे जातात. डोमिनिकन प्रजासत्ताक किंवा व्हेनेझुएला येथून सोळाव्या वर्षी करारबद्ध केलेल्या मुलांना तर सहा-सात वर्षेही लागतात. मोठ्या संघात आल्यावर सुमारे सहा हंगाम त्याच्यावर त्याच संघाचा हक्क राहतो, आणि त्यातली पहिली तीन वर्षे पगार किमान पातळीच्या आसपास असतो. म्हणून स्वतः वाढवलेला चांगला खेळाडू हे बेसबॉलमधील सर्वांत स्वस्त धन मानले जाते. ते साठवणाऱ्याच्या हाती मात्र ते क्वचितच राहते.

२०१८ च्या विजेत्या संघाचीच वंशावळ पाहा. तीस संघ ज्या दोन लीगमध्ये विभागलेले आहेत त्यांपैकी बॉस्टनच्या अमेरिकन लीगमधील त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू मूकी बेट्स हा २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला होता, आणि जॅकी ब्रॅडली ज्युनियर त्याच ड्राफ्टमधला. झँडर बोगार्ट्स २००९ मध्ये अरुबा बेटावरून आला होता. हे तिघेही त्या वेळचे कारभारी थिओ एपस्टीन यांच्या कारकिर्दीतले. राफाएल डेव्हर्स २०१३ मध्ये आणि अँड्र्यू बेनिन्टेंडी २०१५ मध्ये आला. हे दोघे बेन चेरिंग्टन यांनी मिळवलेले. हे चेरिंग्टन २०११ च्या अखेरीस कारभारी झाले. पहिल्या वर्षी संघ तळाला गेला, दुसऱ्या वर्षी त्याने वर्ल्ड सीरिज जिंकली, पुढची दोन वर्षे तो पुन्हा तळाला राहिला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये डोम्ब्रोव्स्की यांना वर आणून बसवल्यावर चेरिंग्टन बाहेर पडले.

म्हणजे डोम्ब्रोव्स्की यांनी काही केले नाही, असे मात्र नव्हे. त्यांनी डेव्हिड प्राइस या पिचरशी सात वर्षांचा २१ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला, जे. डी. मार्टिनेझसारखा फलंदाज आणला, आणि योआन मोंकाडा, मायकेल कोपेक यांच्यासारखी होतकरू मुले देऊन क्रिस सेल हा डावखुरा पिचर मिळवला. तयार बागेत येऊन योग्य वेळी फळे उतरवणे हेसुद्धा कौशल्यच असते आणि ते प्रत्येकाला जमत नाही. मात्र नवी लागवड झाली नाही. २०१९ मध्ये मायनर लीगमधले भांडार रिते होते, प्राइस आणि सेल यांचे करार पुढची अनेक वर्षे डोक्यावर होते, आणि संघ पुन्हा अव्वल राहील अशी चिन्हे दिसत नव्हती.

यात पैशांचा एक नियम कळीचा आहे. अमेरिकेतील इतर काही खेळांप्रमाणे बेसबॉलमध्ये पगारखर्चावर सक्तीची कमाल मर्यादा नाही. त्याऐवजी एक रेषा ठरवलेली आहे, आणि ती ओलांडली की वरच्या रकमेवर कर लागतो. सलग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ओलांडली तर कराचा दर वाढत जातो, एक वर्ष खाली आले की तो पुन्हा मूळ पदावर येतो. बॉस्टनने २०१८ मध्ये ही रेषा इतकी ओलांडली की पुढच्या ड्राफ्टमधील त्यांची पहिली निवड दहा क्रमांकांनी मागे ढकलली गेली. २०१९ मध्येही ते रेषेच्या वरच होते. २०२० साठीची रेषा २० कोटी ८० लाख डॉलरची होती, आणि तिच्या खाली येण्याचा आपला मानस मालक जॉन हेन्री यांनी २०१९ चा हंगाम संपता संपता जाहीर केला. म्हणूनच डोम्ब्रोव्स्की यांची गच्छंती मला वरवर दिसते तितकी अन्यायाची वाटत नाही. मालकाने संघाचे उद्दिष्टच बदलले होते, आणि चढाईसाठी ठेवलेला सरदार काटकसरीच्या कामाला उपयोगी पडत नाही. अर्ध्या रात्री निरोप देण्याची पद्धत मात्र शोभणारी नव्हती.

ब्लूम आले टॅम्पा बे रेज या संघातून, जिथे कमी पैशांत चांगला संघ उभा करण्याची परंपरा आहे. आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्यांच्या सहीने मूकी बेट्स आणि प्राइस डॉजर्सकडे गेले आणि बदल्यात अलेक्स व्हर्डुगो, जेटर डाउन्स व कॉनर वाँग आले. बेट्सचा करार एका वर्षात संपणार होता, आणि प्राइसच्या पगाराचे ओझे सौद्यात बांधून द्यायचे असल्याने मोबदला कमी मिळणार हेही उघड होते. बेट्सने त्याच उन्हाळ्यात डॉजर्सशी बारा वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, आणि त्यानंतर त्या संघाने २०२०, २०२४ आणि २०२५ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली. बॉस्टनच्या चाहत्यांनी ही सही ब्लूम यांना कधीच माफ केली नाही. पण सही करणारा आणि सहीचा हुकूम देणारा हे दोघे वेगळे असू शकतात. कारभाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या हातात खरोखर काय होते हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. मालकाला काढता येत नाही, मॅनेजरला काढून फारसे साधत नाही, तेव्हा उरतो तो मधला माणूस.

आता निकालांकडे येऊ. ब्लूम यांच्या चार हंगामांत संघ तीनदा आपल्या गटात शेवटचा आला. २०२० च्या साथीमुळे साठच सामन्यांचा ठरलेल्या हंगामात २४ विजय मिळाले, २०२१ मध्ये ९२ विजय मिळवून संघ अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, आणि २०२२ व २०२३ मध्ये प्रत्येकी ७८ विजय मिळाले. तीनदा शेवटचा म्हटले की चित्र काळेकुट्ट दिसते. परंतु बॉस्टनचा गट, म्हणजे अमेरिकन लीग ईस्ट, इतका कठीण आहे की २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी त्यातल्या उरलेल्या चारही संघांनी निम्म्याहून अधिक सामने जिंकले. २०२३ मध्ये नेमके तेवढेच, ७८ सामने जिंकणारा डेट्रॉइटचा संघ शेजारच्या सेंट्रल गटात दुसरा आला होता. विजय तेवढेच असूनही एका शहरात कारभाऱ्याची हकालपट्टी होते आणि दुसऱ्या शहरात प्रगतीची चर्चा होते.

नशिबाचाही हिशेब इथे मांडायला हवा. समजा, एखादा संघ अगदी मध्यम आहे आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे. १६२ वेळा नाणे उडवले तर सरासरी ८१ वेळा छापा येईल, पण प्रत्यक्षात दर वर्षी ८१ येणार नाही. संभाव्यतेचे गणित सांगते की तीनपैकी साधारण दोन वर्षी हा आकडा ७५ ते ८७ च्या दरम्यान पडेल आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही बाहेर जाईल. म्हणजे संघ तोच, कौशल्य तेच, आणि तरीही एका वर्षी ७६ तर दुसऱ्या वर्षी ८६ विजय हे केवळ योगायोगाने होऊ शकते. म्हणून जाणकार मंडळी विजयांपेक्षा केलेल्या आणि दिलेल्या धावांचा फरक पाहतात, कारण एका धावेने जिंकलेले-हरलेले सामने वर्षभरात इकडेतिकडे होतात, पण शेकड्यांनी मोजलेल्या धावा सहसा इतक्या फसवत नाहीत. पाच-सहा विजय कमी पडले म्हणून कारभाऱ्याला काढणे म्हणजे पाऊस कमी झाला म्हणून तलाठी बदलण्यासारखे आहे.

मग ब्लूम यांना काढणे चुकीचे होते का? माझ्या मते ते काढण्याजोगे होते, पण तीन वेळा तळाला राहिले म्हणून नव्हे. त्यांचा दोष १ ऑगस्ट २०२२ च्या आसपासच्या दिवसांत शोधावा लागतो. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या मुदतीपर्यंत प्रत्येक कारभाऱ्याला ठरवावे लागते की आपण या वर्षी खरेदीदार आहोत की विक्रेते. खरेदीदार भविष्यातली मुले देऊन आजचा खेळाडू घेतो, विक्रेता त्याच्या उलट करतो. त्या वर्षी बॉस्टन मधोमध लटकत होते. ब्लूम यांनी ख्रिश्चन व्हास्केझ हा अनुभवी कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक, ह्यूस्टन ॲस्ट्रोजना देऊन टाकला, आणि तेही बॉस्टनचा संघ ह्यूस्टनमध्येच सामन्याची तयारी करत असताना. त्याच सुमारास त्यांनी टॉमी फॅम आणि एरिक हॉस्मर या मुरलेल्या खेळाडूंना आणले. म्हणजे एका हाताने विकले आणि दुसऱ्या हाताने विकत घेतले.

या दुटप्पीपणाची किंमत कागदावर मोजता येते. २०२२ मध्ये कराची रेषा २३ कोटी डॉलरवर होती आणि बॉस्टन थोडक्यासाठी तिच्या वर राहिले. एखाद्या खेळाडूने संघाने देऊ केलेला एका वर्षाचा ठरावीक रकमेचा करार नाकारला आणि तो दुसऱ्या संघात गेला, तर जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून एक जादा निवड मिळते. रेषेच्या खाली असलेल्या संघाला ती दुसऱ्या फेरीनंतर मिळते, वर असलेल्याला चौथ्या फेरीनंतर. त्या डिसेंबरमध्ये बोगार्ट्स अकरा वर्षांच्या २८ कोटी डॉलरच्या करारावर सॅन डिएगोला गेला, आणि बॉस्टनच्या हाती चौथ्या फेरीनंतरची निवड आली. कर भरला, तळाला राहिले आणि भरपाईही घसरली. इथे नशिबाकडे किंवा मालकाकडे बोट दाखवता येत नाही. हाताशी असलेल्या माहितीवर, त्याच वेळी, कोणत्याही एका बाजूने निर्णय घेणे शक्य होते आणि तो घेतला गेला नाही. कारभाऱ्याला काढण्याचे सबळ कारण असते ते असे.

तरीही बागेचा हिशेब इथेही लागतोच. ब्लूम यांच्या काळात २०२१ मध्ये मार्सेलो मेयर आणि २०२२ मध्ये एकूण ७९ व्या क्रमांकावर रोमन अँथनी निवडला गेला. दोघेही २०२५ मध्ये मोठ्या संघात आले. ब्लूम यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष उलटून गेले होते. नवे कारभारी क्रेग ब्रेस्लो, जे २०१३ च्या विजेत्या बॉस्टन संघात स्वतः पिचर होते, त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये चार होतकरू मुले देऊन गॅरेट क्रोशे हा पिचर आणला. त्या चारपैकी काइल टील आणि चेस मीड्रॉथ हे दोघे ब्लूम यांच्या ड्राफ्टमधले होते. क्रोशेने २०२५ मध्ये १८ सामने जिंकून दिले आणि संघ ८९ विजयांसह बाद फेरीत पोहोचला. ब्रेस्लो यांचे श्रेय यात आहेच, परंतु त्यांनी जी नाणी खर्च केली त्यांतली बरीचशी आधीच्या माणसाच्या टांकसाळीतली होती. बॉस्टनमध्ये कारभाऱ्याला मिळतात चार वर्षे आणि ड्राफ्टमधल्या मुलाला पिकायला लागतात तेवढीच, त्यामुळे या गावात प्रत्येकजण आधीच्या माणसाचे पीक कापतो आणि आपले पेरून जातो.

यावरून धीर धरणे हाच उपाय, असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण धीराचाही अतिरेक होतो. डेन्व्हरचा कोलोरॅडो रॉकीज हा संघ त्याचा नमुना आहे. २०२३ मध्ये १०३ पराभव, २०२४ मध्ये १०१, आणि २०२५ मध्ये ४३ विजय व ११९ पराभव अशी त्यांची उतरंड आहे. २०२५ मध्ये त्यांनी केलेल्या धावांपेक्षा दिलेल्या धावा ४२४ ने अधिक होत्या; इतका फरक नशिबाने पडत नाही. मे महिन्यात ७ विजय आणि ३३ पराभव झाले तेव्हा मॅनेजर बड ब्लॅक यांना काढण्यात आले, परंतु कारभारी बिल श्मिट ऑक्टोबरपर्यंत पदावर होते. श्मिट यांच्याआधीचे जेफ ब्रिडिच हेही त्याच कचेरीत वाढलेले. मालक डिक मॉन्फर्ट यांना घरची माणसे सोडवत नाहीत, आणि संघ एवढा हरूनही त्या वर्षी वीस लाखांहून अधिक प्रेक्षक मैदानात आल्यामुळे घाई करण्याचे कारणही त्यांना दिसले नसावे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे तिथे पिचर घडवणे ही वेगळीच विद्या आहे, आणि ती जुन्याच पद्धतीने वर्षानुवर्षे साधत नसेल तर बाहेरचा माणूस बोलावणे हा साधा विचार होता. तो नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला, जेव्हा पॉल डीपोडेस्टा यांना थेट अमेरिकन फुटबॉलच्या क्लीव्हलँड ब्राउन्समधून आणण्यात आले.

काढायचे ठरले तरी मुहूर्ताचा प्रश्न राहतो. वॉशिंग्टन नॅशनल्सने ६ जुलै २०२५ रोजी माइक रिझो यांना आणि त्यांच्याबरोबर मॅनेजरलाही काढले. रिझो यांनी २०१९ ची वर्ल्ड सीरिज जिंकून दिली होती, पण त्यानंतर एकाही वर्षी निम्मे सामने जिंकता आले नव्हते, म्हणून निर्णयाबद्दल तक्रार करता येणार नाही. मात्र ड्राफ्ट एका आठवड्यावर आला होता आणि त्यातली सर्वांत पहिली निवड वॉशिंग्टनच्याच हाती होती. अदलाबदलीची मुदतही त्याच महिन्याच्या अखेरीस संपत होती. वर्षातले दोन सर्वांत मोठे निर्णय त्यामुळे हंगामी माणसाला घ्यावे लागले. घर शाकारायचे तर ते पावसाळ्याआधी किंवा नंतर, मधोमध नाही.

म्हणून संघ हरत असताना कारभाऱ्याविषयी विचार करायचा तर मी गुणतक्ता शेवटी पाहीन. आधी त्याने घेतलेले निर्णय, ते घेताना जी माहिती होती तिच्याच उजेडात वाचीन. नंतर मालकाने त्याला काय करायला सांगितले होते ते विचारीन. आणि मग त्याच्या मायनर लीगमधल्या मुलांना भेटायला जाईन, कारण त्याची खरी कामगिरी त्या वेळी तिथेच खेळत असते.

डोम्ब्रोव्स्की बॉस्टनहून फिलाडेल्फियाला गेले आणि २०२२ मध्ये तो संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचला. ब्लूम २०२५ चा हंगाम संपल्यावर सेंट लुईस कार्डिनल्सचे कारभारी झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी छत्तीस वर्षांचा पिचर सनी ग्रे आपल्या जुन्याच घरी, बॉस्टनला दिला आणि बदल्यात ब्रँडन क्लार्क व रिचर्ड फिट्स हे दोन तरुण पिचर घेतले. यातला फिट्स बॉस्टनला डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजकडून मिळाला होता, अलेक्स व्हर्डुगोच्या बदल्यात. आणि व्हर्डुगो बॉस्टनला आला होता तो मूकी बेट्सच्या बदल्यात, ब्लूम यांच्याच सहीने.